'रागाच्या भरात' ही सबब आता पुरे

'रागाच्या भरात बोलून गेलो' हे वाक्य आपल्याकडे माफीनाम्यासारखे वापरले जाते. बायकोला चारचौघांत घालूनपाडून बोलले, रागाच्या भरात. धुऱ्यावरून सख्ख्या भावाशी संबंध तोडले, रागाच्या भरात. पोराच्या कानाखाली वाजवली, रागाच्या भरात. व्हॉट्सअ‍ॅपवर नको ते स्टेटस ठेवले आणि पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली, तेही रागाच्या भरात. जणू राग नावाचा कुणी तिऱ्हाईत घरात शिरला, हवे ते करून गेला आणि आपण बिचारे बघत राहिलो!

माझे म्हणणे सरळ आहे. ही सबब खोटी आहे. ती ऐकून घेणारे आपण सगळे या खोटेपणात सामील आहोत. मुस्लिम समाजात ती जास्त चालते की कमी, या हिशेबात मी पडत नाही. ती आपल्या घरात चालते, एवढे मला पुरेसे आहे.

राग येतो, पण काढला जातो

आपल्या मराठीने हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे. मराठीत राग 'येतो'. येणारी गोष्ट आपल्या हातात नसते. शिंक येते, झोप येते, तसा राग येतो. त्याबद्दल कुणालाही दोष देता येणार नाही. पण पुढची क्रियापदे पाहा. राग 'धरतात', राग 'गिळतात', राग 'आवरतात' आणि राग 'काढतात'. ही सगळी माणसाने करायची कामे आहेत. त्यातही 'काढणे' हे क्रियापद एकटे येत नाही, कुणावर तरी काढावा लागतो. तो कुणावर काढायचा हे ठरवणारे डोके त्या वेळी अगदी जाग्यावर असते. म्हणून तर 'वड्याचे तेल वांग्यावर' ही म्हण तयार झाली. वडा समोर असताना वांगे शोधायला अक्कल लागते, भान लागते.

हिंगोलीहून वाशीमला जाताना कनेरगाव नाका लागतो. इकडे मराठवाडा, तिकडे विदर्भ. एके काळी इकडे निजामाचे संस्थान होते आणि तिकडे वऱ्हाड. अशा रस्त्यावरच्या गावात तासभर उभे राहिले की माणसांचा राग अभ्यासाला मिळतो. एखाद्या गाडीवाल्याला खाकी वर्दीवाला थांबवतो, कागद मागतो, दोन शब्द वाकडे बोलतो. गाडीवाल्याला राग येत नाही काय? येतो. कानशिले तापतात. पण तोंडातून काय निघते? "हो साहेब. चुकलं साहेब. एवढ्या बारीला सोडा साहेब." तोच माणूस पुढे चहाच्या टपरीवर जातो. चहा आणायला पोराला दोन मिनिटे उशीर झाला की त्याच्या आईबहिणीचा उद्धार करतो. रात्री घरी पोहोचतो. भाकर गार असली की ताट भिंतीवर.

आता सांगा, या माणसाला राग आवरता येत नाही असे कसे म्हणायचे? वर्दीसमोर त्याने तो इतका सुंदर आवरला की वर्दीवाल्याला पत्तासुद्धा लागला नाही. त्याचा ताबा सुटला तो टपरीवरच्या पोरासमोर आणि बायकोसमोर. म्हणजे ताबा सुटला नाही, सोडला. जिथे उलट उत्तर येणार नाही, जिथे पोटावर पाय येणार नाही, तिथे सोडला. राग पाण्यासारखा उताराकडेच वाहतो. साहेबाकडून कारकुनाकडे, कारकुनाकडून शिपायाकडे, शिपायाकडून बायकोकडे, बायकोकडून लेकराकडे आणि लेकराकडून दारातल्या कुत्र्याकडे.

'माझा स्वभावच तापट आहे' असे अभिमानाने सांगणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. भाईजान, तुमचा हा स्वभाव तहसील कचेरीत कुठे जातो? बँकेत कर्जाचा अर्ज घेऊन बसता तेव्हा तो कुठे असतो? सासूबाई पाहुण्या आल्या की तो कुठल्या गावाला जातो? स्वभाव असा पत्ता विचारून येत-जात नाही.

आणखी एक गोष्ट. पुरुषाच्या रागाला आपण 'दरारा' म्हणतो. 'अब्बा भडकले तर घर हादरते' हे आपण कौतुकाने सांगतो. सुनेला राग आला तर मात्र 'हिचं डोकं फिरलंय', 'माहेरचं वळणच तसलं'. राग जर खरोखर आवरता न येणारी गोष्ट असेल, तर सुनेला ती सवलत का नाही? कारण ही सवलत रागाला नसून खुर्चीला आहे.

'मन मोकळे होते' हा दुसरा भ्रम

काही लोक थोडे शास्त्रीय बोलतात. राग दाबून ठेवला की आजार होतात, म्हणून एकदा ओरडून मोकळे झालेले बरे, असे ते सांगतात. हे ऐकायला बरे वाटते, पण त्याला पुरावा साथ देत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांचा 2002 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यांनी आधी विद्यार्थ्यांना राग आणला. मग काहींना, ज्याने राग आणला त्याचा चेहरा मनात आणून बुक्के मारायच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले, काहींना नुसते बसवून ठेवले. ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी व्हायला हवा होता. झाले उलटे. त्यांचा राग वाढला आणि नुसते बसलेले त्यांच्यापेक्षा शांत निघाले. चुलीत लाकूड घालून चूल विझत नाही, हे आपल्या आयाबायांना प्रयोगाशिवाय माहीत होते.

भांडणात शरीर काय करते, तेही पाहू. राग आला की रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सुटते, काळजाचे ठोके वाढतात, स्नायू ताणले जातात. शरीर मारायला किंवा पळायला तयार होते, ऐकून घ्यायला नाही. नवरा-बायकोच्या भांडणांचा अनेक दशके अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरच्याचे म्हणणे नीट डोक्यात शिरतच नाही. शरीर पुन्हा जाग्यावर यायला किमान 20 मिनिटे लागतात. म्हणजे त्या 20 मिनिटांत आपण जे काही 'समजावून' सांगतो, ते कुणालाच समजत नसते. आपण फक्त आवाज चढवत असतो.

म्हणूनच प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण मला अत्यंत व्यवहारी वाटते. उभे असताना राग आला तर बसा, तरी गेला नाही तर आडवे व्हा, राग आला की गप्प राहा, अशा अर्थाच्या हदीस प्रसिद्ध आहेत. कुस्तीत दुसऱ्याला चीत करणाऱ्याला त्यांनी ताकदवान मानले नाही, रागाच्या वेळी स्वतःला सावरणाऱ्याला मानले. निवाडा करणाऱ्याने रागात असताना निवाडा देऊ नये, असेही सांगितले. या सगळ्यात 'राग येऊच देऊ नका' असा अशक्य आग्रह नाही. राग येईल हे धरून चालले आहे. सांगणे एवढेच की त्या क्षणी हात, पाय आणि जीभ कामाला लावू नका. इमाम ग़ज़ाली यांनी 'इह्या'मध्ये रागावर वेगळे प्रकरण लिहिले. त्यांनी अजिबात राग न येण्यालाही दोष मानले आणि राग बेलगाम होण्यालाही.

कुरआनने राग गिळणाऱ्यांची आणि माफ करणाऱ्यांची प्रशंसा केली आहे (3:134). मूसा आणि हारून यांना फिरऔनकडे पाठवताना त्याच्याशी मृदूपणे बोलण्याची आज्ञा आहे (20:44). फिरऔनसारख्या जुलमी राजाशी मऊ बोलायचे! मग आपल्या घरातली बायको, भाऊ, लेक हे काय फिरऔनपेक्षा वाईट झाले? की आपण मूसांपेक्षा मोठे झालो?

तीन शब्द आणि एक संसार

'रागाच्या भरात' या सबबीची सगळ्यात मोठी किंमत आपल्या समाजात कुणी मोजली असेल तर बायकांनी. एका बैठकीत तीन वेळा 'तलाक' म्हणायचे आणि नंतर मुफ्तीसाहेबांकडे जाऊन सांगायचे, 'हज़रत, गुस्से में बोल गया.' तो गुस्सा उतरायला अर्धा तास लागला असेल. पण तिचे घर, तिची लेकरे, तिची अब्रू त्या अर्ध्या तासात पणाला लागली.

दीनमधला तलाकचा मार्ग काय आहे? आधी समजूत, मग दोन्हीकडच्या घरांतून एकेक मध्यस्थ (4:35), मग एकच तलाक, मग इद्दतीचा काळ आणि त्यात पुन्हा जुळवून घेण्याची मुभा. ही सगळी रचना रागाला वेळ खायला लावणारी आहे. पावलापावलावर थांबा आहे. 'तलाक-ए-बिद्दत'ने हे सगळे थांबे एका दमात ओलांडले. राग इतका की शुद्धच हरपली, तर त्या स्थितीतल्या तलाकचे काय, यावर फिकहमध्ये मोठी चर्चा आहे. इब्न क़य्यिम यांनी तर रागातील तलाकवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. म्हणजे सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या विद्वानांनाही कळत होते की रागातला शब्द आणि विचारपूर्वक काढलेला शब्द एक नव्हे.

आपण मात्र हे घरात सोडवले नाही. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. दलवाईंच्या अनेक मतांशी माझ्या वाचकांपैकी पुष्कळांचे पटत नाही, मला ते माहीत आहे. पण त्या सात जणींचे म्हणणे त्या वेळी शांतपणे ऐकले असते तर? आपण ऐकले नाही, चिडलो. मग 2002 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने सांगितले की नुसते 'तलाक दिला' म्हणणे पुरेसे नाही. त्यामागचे कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागेल. मराठवाड्यातल्याच एका कुटुंबाचा तो खटला होता. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 3 विरुद्ध 2 मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आली.

या कायद्यावर टीका करण्यासारखे बरेच आहे. नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कोण देणार, हा प्रश्न योग्यच आहे. दिवाणी बाबीला फौजदारी का केले, हाही प्रश्न योग्य आहे. ते प्रश्न जरूर विचारा. पण एक प्रश्न स्वतःलाही विचारा. कुरआनने घातलेले थांबे आपण पाळले असते, तर सरकारला आपल्या घरात यायला दार कुणी उघडून दिले असते?

शिवाय तलाक ही टोकाची गोष्ट झाली. रोजच्या शिव्या, टोमणे, 'तुझ्या बापाने काय दिलं', 'तुला मूल होईना' हे सगळे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात हिंसाच आहे. त्या कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळालाही छळ म्हटले आहे. हा कायदा सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे. 'मी हात तर नाही ना उचलला' असे म्हणणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

शांत राहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे

आता माझ्यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. 'शांत राहा, शांत राहा असे आम्हालाच का सांगता? आमच्यावर अन्याय होतो, आम्हाला डिवचले जाते, आणि वर उपदेशही आम्हालाच?' हा आक्षेप वजनदार आहे. त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणा होईल.

शांततेचा उपदेश खरोखरच नेहमी खालच्याला केला जातो. गावात तंटा झाला की दुबळ्यालाच 'मोठ्या मनाने घे' म्हणतात. 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ती कल्पना चांगली होती. दिवाणी, महसुली आणि तडजोड होऊ शकणारे फौजदारी तंटे गावातच समोरासमोर बसून मिटावेत, त्यासाठी समिती असावी, गावाला बक्षीस मिळावे. पण जिथे समितीने दोघांचे ऐकण्याऐवजी एकाला गप्प केले, तिथे तंटा मिटला नाही, फक्त झाकला गेला. अशा शांततेची वकिली मी करत नाही. घरातला अबोला हीसुद्धा शांतता नव्हे. आठ-आठ दिवस बायकोशी न बोलणारा नवरा राग आवरत नसतो, तो राग काढतच असतो, फक्त आवाज न करता.

मग खरी शांतता कशी असते? महाडला पाहा. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर परतणाऱ्या सत्याग्रहींवर हल्ले झाले, बायकापोरांना मारहाण झाली. काहींनी मुस्लिमांच्या घरांत आसरा घेतला. बाबासाहेबांच्या एका इशाऱ्यावर शेकडो माणसे प्रतिहल्ल्याला तयार होती. त्यांनी तो इशारा दिला नाही, लोकांना आवरले. त्यांना राग आला नव्हता काय? हजारो वर्षांचा राग होता. पण त्यांनी तो हल्लेखोरांच्या अंगावर न काढता कायद्याच्या लढाईत आणि संघटनेत घातला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षे! याला गप्प बसणे म्हणतात काय?

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्या. नर्सीचे संत नामदेव. औंढा नागनाथच्या देवळासमोर भजन करताना त्यांना हटवले गेले, अशी आख्यायिका आहे. ते देवळामागे जाऊन भजन करू लागले आणि देऊळच फिरले, असे लोक सांगतात. देऊळ फिरले की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मला त्यात दिसते ते वेगळेच. त्यांनी जागा सोडली, भजन सोडले नाही. भांडणात हेच करायचे असते. आवाज सोडायचा, मुद्दा सोडायचा नाही.

याच्या उलट काय होते, तेही आपण जवळून पाहिले आहे. कनेरगावहून वाशीम ओलांडून पुढे गेले की अकोला. 13 मे 2023 रोजी तिथे समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दोन गट रस्त्यावर उतरले. जाळपोळ झाली, एकाचा जीव गेला, जमावबंदी लागली. पुढच्याच महिन्यात कोल्हापूर स्टेटसवरून पेटले. अशा प्रकरणांत मजकूर टाकायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. आणि त्यानंतर? गुन्ह्याची नोंद, जामीन, तारखा, पोलीस भरतीत किंवा पासपोर्टला आडवा येणारा कागद, आणि गल्लीत आई मान खाली घालून चालते ती वेगळीच. डिवचणाऱ्याला नेमके हेच हवे असते. त्याने फेकलेला दगड तुम्ही उचलला की पुढची बातमी तुमच्या नावाने छापून येते. हे मी दोन्ही बाजूंच्या पोरांना सांगतो, पण माझ्या घरातल्या पोरांना आधी सांगतो. तक्रार करायची असेल तर लेखी करा, पोच घ्या, वकील गाठा, चार माणसे घेऊन ठाण्यात जा. तो राग उपयोगाला लागेल. स्टेटसवरचा राग फक्त तुमच्याच अंगावर उलटतो.

जिभेला नाका

आता करायचे काय? नाका म्हणजे काय, हे हद्दीवरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. गाडी थांबते, माल पाहिला जातो, मगच पुढे सोडतात. जिभेवर असाच एक नाका हवा.

पहिली गोष्ट म्हणजे थांबणे, पण सांगून थांबणे. नुसते उठून निघून गेलात तर समोरच्याला तो अपमान वाटतो. "आत्ता मी नीट बोलू शकणार नाही. जेवणं झाली की बोलू." एवढे म्हणा, पाणी प्या, वज़ू करा, अंगणात फेरी मारा, आणि ठरल्या वेळी परत या. परत न येणारा माणूस थांबलेला नसतो, पळालेला असतो.

दुसरी गोष्ट, आजच्या भांडणात आजचाच माल. 'तू नेहमीच', 'तू कधीच', 'तुमच्या खानदानातच' हे शब्द नाक्यावर उतरवून ठेवा. सोयाबीनच्या पैशाचा हिशेब चुकला असेल तर हिशेबावर बोला. लग्नात मेहुणा काय म्हणाला होता, ते आणू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे त्याच्यासमोर आपल्या शब्दांत मांडा. "म्हणजे तुझं म्हणणं असं, की मी न विचारता पैसे दिले, त्याचं तुला वाईट वाटलं. बरोबर?" तो 'हो' म्हणेपर्यंत आपले म्हणणे सुरू करायचे नाही. करून पाहा. निम्मी भांडणे याच पायरीवर लटकी पडतील. कारण बहुतेक वेळा माणूस ओरडतो तो आपले कुणी ऐकत नाही म्हणून.

चौथी गोष्ट आजूबाजूच्यांसाठी. 'जाऊ द्या, रागाच्या भरात बोलला' असे म्हणून कुणालाही सोडवू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांनी, जमातच्या ज़िम्मेदारांनी, मशिदीच्या इमामसाहेबांनी फक्त एवढेच विचारावे: 'असाच राग तू तुझ्या मालकावर काढला असतास का?' उत्तर 'नाही' आले, तर सबब तिथेच संपली. मग माफी मागायची ती रागाची नाही, निवडीची. आणि ज्याच्यावर राग काढला त्याच्यापुढे मागायची, मुफ्तीसाहेबांपुढे किंवा मित्रांपुढे नाही.

'अति राग, भीक माग' असे आपले जुने लोक म्हणत. भीक मागायची वेळ मात्र दरवेळी राग काढणाऱ्यावर येत नाही, ती त्याच्या बायकालेकरांवर येते. म्हणून मी या विषयात गोड बोलायला तयार नाही. राग येऊ द्या. तो येणारच. अन्याय पाहून आलाच पाहिजे. पण तो कुठे न्यायचा हे आपल्या हातात आहे. वर्दीपुढे, मालकापुढे आपण ते रोज करून दाखवतो. तेच घरात करायचे आहे. जमत नाही असे आता कुणी म्हणू नये.